रॉकेलवर येईपर्यंत

अक्काने खोली दाखवायच्या आधी माझा हात मागितला.

नोकरी लागून मी नाशिकहून बंगलोरला आले होते आणि जागा बघायला आई सोबत होती. बसवनगुडीतल्या एका घराचा वरचा मजला रिकामा आहे, घरमालकीण मराठी आहे, विधवा आहे, एकटी राहते, असं ऑफिसातल्या एकांनी सांगितलं होतं. "जरा तऱ्हेवाईक आहे, पण तुम्ही राहायला लागलात की ते जाणवणारही नाही," असंही ते म्हणाले होते. दार उघडलं ते सत्तरीच्या आसपासच्या एका उंच, हडकुळ्या बाईने. अंगावर सुती लुगडं, त्यावर पुरुषांचा लांब बाह्यांचा पुलओव्हर, आणि पायांत कॅनव्हासचे बूट. घरातल्या घरात बूट! तिने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उजवा हात हातात घेतला, तळवा उलटासुलटा करून बघितला, मनगट दाबलं, आणि स्वतःची चार बोटं माझ्या बोटांत अडकवून म्हणाली, "ओढ."

मी ओढलं.

"अजून ओढ की."

मी जोर लावला. तिचा चेहरा वेदनेने कसनुसा झाला, पण ती म्हणाली, "सरी. चालेल. खोली वर आहे. जा, बघून ये."

जिना चढताना आई कुजबुजली, "हात बघतात वाटतं या. काय दिसलं असेल गं?"

गल्लीत सगळे तिला अक्काच म्हणायचे. भाजीवाली, पोस्टमन, समोरचे वकील, सगळे. तिच्या माहेरची माणसं कधीकाळी महाराष्ट्रातून इकडे आली, कुठल्या गावाहून ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा धंदा. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं की पहिले काही आठवडे मला निम्मं कळायचं नाही. मी तिला "अक्का, तुम्ही" म्हणायला लागले तर तिने मला अडवलं. "अक्का म्हणतीस आणि वर तुम्ही म्हणतीस? दोन्हीतलं एक कायतरी ठेव." म्हणून मी तिला 'तू' म्हणायला लागले. ती मला पुट्टी म्हणायची. कानडीत छोट्या मुलीला म्हणतात तसं. चोविशीतल्या इंजिनिअरला.

सकाळी तिच्याशी बोलायला गेलं की ती तळहात वर करायची. म्हणजे थांब. दारातल्या बाकावर बसून ती कॉफी प्यायची, आणि ती कॉफी संपून अंगात ऊब येईपर्यंत तिला कुणाचं काही ऐकायचं नसायचं. नळ गळतोय, दूधवाला आलाय, वरच्या टाकीत पाणी नाही, काहीही असो. तळहात. एकदा समोरचे वकील घाईघाईने काहीतरी सांगायला आले, त्यांनाही तळहात दाखवला, आणि ते बिचारे तिच्याशेजारी बाकावर गप्प बसून राहिले.

"थंड्यावर ओझं घालू नये," असं ती म्हणायची. हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. मी कामावर रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी रात्री उशिरापर्यंत थांबवलं म्हणून कुरकुरले, तर ती म्हणाली, "कोण आहे तो तुझा साहेब? थंड्यावर ओझं घालतो?" शेजारच्या घरात नवी सून आली आणि आठवड्याभरातच तिच्यावर सगळा स्वयंपाक पडला. अक्का बूट घालून शेजारी गेली आणि सासूला तोंडावर हेच सांगून आली. त्या सासूने पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. अक्काला त्याचं काही वाटलं नाही. ती कुणी बोलणं टाकण्याला सरावलेली होती.

मला वाटायचं, हा म्हातारपणातला एक चाळा. मग एका शुक्रवारी तिने विचारलं, "रविवारी तुला काय काम असतंय?"

"कपडे धुते."

"शनिवारी धू. रविवारी माझ्यासंगं चल."

रविवारी अंधारात निघालो. तिच्या खांद्याला खाकी कापडाची एक लांबोडी पिशवी होती. मार्केटपर्यंत एक बस, तिथून होसूर रोडची दुसरी. दुसऱ्या बसचा नेहमीचा कंडक्टर तिला ओळखायचा, पण त्या दिवशी बदली कंडक्टर आला होता. त्याने पिशवी चाचपून बघितली आणि आत लोखंडाचा वाकडा दांडा लागल्यावर दचकला. हे काय आहे, म्हणून कानडीत विचारू लागला. अक्काने पिशवीचं तोंड उघडून आतला दांडा दाखवला. "ट्रॅक्टरचं हँडल," ती म्हणाली. कंडक्टर तिच्या लुगड्याकडे बघत राहिला. "कुणाच्या ट्रॅक्टरचं?"

"माझ्या."

बोम्मसंद्र्याच्या अलीकडे उतरून आत बरंच चालावं लागायचं. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या कंपाउंड भिंती, रविवार म्हणून फाटकं बंद, आणि मधेच भिंती संपून तिची जमीन. तांबडी माती, कडेला फणस, एक विहीर, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो. राखाडी रंगाचा, बुटका, जुना विलायती ट्रॅक्टर. तिच्या वडिलांनी एका कॉफीच्या मळ्यातून जुनाच विकत घेतला होता. त्याला बॅटरी नव्हती. सुरू करायचा तो पुढून हँडल मारून. आणि चालायचा रॉकेलवर. पण थंड असताना रॉकेल पेट घेत नाही, म्हणून त्याला दोन टाक्या होत्या. छोटी पेट्रोलची, मोठी रॉकेलची. पेट्रोलवर सुरू करायचा, नीट गरम होऊ द्यायचा, मग पेट्रोलचा कॉक बंद करून रॉकेलचा उघडायचा. मग दिवसभर तो रॉकेलवर ओढतो. रॉकेलला ती सीमेएण्णे म्हणायची.

हँडल ती घरी का घेऊन जायची? "इथं ठेवलं तर कोणतरी येऊन सुरू करेल आणि गरम व्हायच्या आत गिअर टाकेल," ती म्हणाली. चोरी होईल याची तिला भीती नव्हती.

मग तिने मला दोन्ही हात पुढे करून दाखवले. बोटांची पेरं सुजली होती, वाकडी झाली होती, मूठ वळत नव्हती. "दोन महिने झाले, हा बंद आहे," ती म्हणाली. "माझ्या हातानं हँडल धरवत नाही. तू शीक."

आता मला तिने पहिल्या दिवशी हात का ओढायला लावला ते कळलं.

शिकवताना ती फार कमी बोलायची. आधी तेल बघ, कारण रॉकेल तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. रेडिएटरवर गोणपाट टाक, म्हणजे वारा लागणार नाही. गिअर सुटा आहे का बघ. नुसतं बघू नको, हलवून बघ. पेट्रोलचा कॉक उघड, चोक ओढ. मग हँडल. हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली कधीच दाबायचं नाही. आणि अंगठा. अंगठा दांड्याला विळखा घालून धरायचा नाही, तो चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिन कधी कधी उलटा झटका देतं. अंगठ्याचा विळखा असला तर हँडल हात सोडत नाही, हातच घेऊन फिरतं.

"घेऊन फिरतं म्हणजे?"

"म्हणजे मनगट जातं."

पहिल्या दिवशी माझ्याने तो सुरू झाला नाही. तळव्याला फोड आले. दुसऱ्या रविवारी एकदा खोकला आणि बंद पडला. तिसऱ्या वेळी सुरू झाला, आणि मी आनंदाने ओरडले, तर अक्काने तळहात दाखवला. गप्प. शेडमधल्या पेटीवर बसून तिने फ्लास्कमधली कॉफी काढली. इंजिन धडधडत होतं, सगळा पत्रा थरथरत होता, निळसर धूर निघत होता, आणि ती मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. बराच वेळ. आधी त्या आवाजात अडखळ होती, एक ठोका चुकल्यासारखी. हळूहळू ती भरून आली. मग एका क्षणी आवाज एकसारखा, गोल झाला. अक्का म्हणाली, "हसला." उठली, रेडिएटरला हाताची मागची बाजू लावली, आणि कॉक फिरवला. पेट्रोल बंद, सीमेएण्णे चालू. आवाज किंचित जाडा झाला, पण तुटला नाही.

एकदा संध्याकाळी उशीर झाला म्हणून मी तो रॉकेलवर असतानाच बंद केला. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा असतो, म्हणजे नळीत पेट्रोल उरतं आणि पुढच्या वेळी थंड इंजिन सुरू होतं. अक्काने बसची वेळ टळू दिली, मला कार्बोरेटरचा वाडगा खोलून त्यातलं रॉकेल काढायला लावलं, पेट्रोल भरून पुन्हा सुरू करायला लावलं, आणि मग नीट बंद करायला लावलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा माझ्या हातांना वास येत होता. तिने मला शिकेकाई दिली. तिच्या स्वतःच्या हातांना कायम तो वास असायचा, शिकेकाई आणि रॉकेल. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण कुठे स्टोव्ह पेटलेला असला की मला ती मागे उभी असल्यासारखी वाटते.

मनगटाची गोष्ट मला तिने फणसाखाली बसून सांगितली. तिला एक धाकटा भाऊ होता. ती त्याला तम्मा म्हणायची, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. वडिलांनी ट्रॅक्टर आणला तेव्हा ही लग्नाची झाली होती आणि तो अजून शाळेत होता, पण तो मुलगा, म्हणून हँडल त्याच्या हातात दिलं. ही बांधावर उभी राहून बघायची. एका सकाळी त्याला उलटा झटका बसला आणि मनगटाचं हाड मोडलं. तो मातीत लोळत ओरडत होता. वैद्याकडे न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत ही पुढे झाली, हँडल उचललं, आणि एका ओढीत ट्रॅक्टर सुरू केला.

"का गं? भाऊ तिथं विव्हळत होता ना?"

"तेच," ती म्हणाली. "मला वाटलं, ट्रॅक्टरवर घालून नेऊ, लवकर पोचू. पण अप्पा हसले. म्हणाले, तू बस रे, तिला येतंय. गावभर सांगत सुटले. पोराला जमलं नाही, पोरीनं केलं. त्याचं हाड वाकडं जुळलं. तेवढ्यानं तो माझ्यावर रुसला नसता. अप्पांचं ते हसणं त्याला लागलं."

भावाने पुन्हा हँडलला हात लावला नाही. चिकपेटेतल्या दुकानात बसला, दुकान मोठं केलं. अक्काचं लग्न झालं, नवरा शाळामास्तर, तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. वडिलांनी जमीन दोघांच्या नावावर ठेवली आणि करायची तिने असं सांगून गेले. बहीणभाऊ सणासमारंभात एका मांडवात असायचे, पण एकमेकांच्या उंबऱ्यावर पाऊल नव्हतं.

आता आजूबाजूच्या सगळ्या जमिनी कारखान्यांना गेल्या होत्या आणि भावाच्या मुलांना हीसुद्धा विकायची होती. त्यात वावगं काही नव्हतं. पण भावाने बहिणीला येऊन विचारलं नाही. त्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नात आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. पलीकडच्या पंगतीत तो बसला होता, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला, हळू बोलणारा म्हातारा. कुणीतरी जमिनीचं विचारलं आणि तो म्हणाला, "अक्काला आता होत नाही. पडून आहे सगळं. काय करणार, वय झालं."

अक्काने हातातला घास पानात ठेवला. उठली नाही, आवाज चढवला नाही. पण आजूबाजूचं बोलणं थांबलं, इतकी ती ताठ झाली.

"संक्रांत झाली की पहिल्या रविवारी ये," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन ये. नांगरते की नाही, डोळ्यांनी बघ."

"अक्का, मी तसं..."

"ये म्हणते ना."

भाऊ मान खाली घालून म्हणाला, "नांगरलंस तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

तेव्हापासून मी कामावरसुद्धा मनातल्या मनात हँडल मारत होते. मला वाटत होतं, ती जमीन माझ्या मनगटावर आहे.

त्या रविवारी भयंकर थंडी होती. धुकं इतकं की कारखान्याची भिंत दिसत नव्हती. भाऊ आला, त्याचा मोठा मुलगा गाडी घेऊन आला, लग्नातले आणखी दोघे म्हातारे आले. सगळे बांधावर उभे राहिले. मी तेल बघितलं, गोणपाट टाकलं, गिअर हलवून बघितला. कॉक, चोक. हँडल ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. पुन्हा. एकदा नुसती फुसकी आली. पेट्रोलचा उग्र वास सुटला. थंडीतही मला घाम फुटला आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं.

"आत्या, राहू दे," भावाचा मुलगा म्हणाला. तो वाईट बोलला नाही, खरं तर कळवळून बोलला. "कशाला त्या पोरीचा जीव घेतेस? झालं ते झालं."

अक्का पुलओव्हरच्या बाह्यांत हात लपवून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, घाईही नव्हती. मी रागावर उपाय शोधला असता, पण ती नुसतीच वाट बघत होती, आणि ते मला सोसवत नव्हतं.

तेवढ्यात भाऊ बांधावरून खाली उतरला. ओल्या मातीतून चपला सांभाळत ट्रॅक्टरजवळ आला. बहिणीकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "पेट्रोल जास्त झालंय. कॉक बंद करा. चोक आत ढकला. आता नुसतं फिरवा, चार-सहा वेळा."

मी अक्काकडे बघितलं.

"तो सांगतो तसं कर," ती म्हणाली.

मी फिरवलं. "आता कॉक उघडा," तो म्हणाला. "स्वल्प थांबा. आता." मी वाकले, दांडा धरला, आणि त्याचा हात माझ्या हातावर आला. मनगटाशी तो हात एका बाजूला वळलेला होता. गडबडीत मी दांड्याला अंगठ्याचा विळखा घातला होता. त्याने तो अंगठा हळूच सोडवला आणि बोटांच्या बाजूला आणून ठेवला.

"असा," तो म्हणाला. एवढंच.

मी ओढलं. इंजिन खोकलं, थांबतंय असं वाटलं, आणि धरलं.

"आत्या, चालव की आता," मुलगा बांधावरून ओरडला. बहीण आणि भाऊ, दोघांनीही एकाच वेळी त्याला तळहात दाखवला.

मग ती दोघं बांधावर जाऊन बसली. मधे हातभर अंतर. इंजिन धडधडत होतं. अक्काने फ्लास्क उघडला, झाकणात कॉफी ओतली, आणि न विचारता त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली. सकाळी तिच्या दारातल्या बाकावर बसावं तसे आम्ही सगळेच गप्प होतो, ते दोन म्हातारेसुद्धा. धुक्यात धूर मिसळत होता. आवाजातली अडखळ भरून येत होती. मी ऐकत होते, आणि मला वाटलं आता, पण नव्हतं. आणखी थोडा वेळ गेला. मग भाऊ झाकणातल्या कॉफीकडे बघत पुटपुटला, "हसला."

अक्का उठली. कॉक फिरवला, लुगड्याचा काचा आवळला आणि वर चढली.

तिने फणसापर्यंतचं सगळं नांगरलं. माती उलथत गेली, ओली, लालभडक, आणि मागून बगळे आले. कडेला वळताना ती माझ्याजवळून गेली तेव्हा मला दिसलं की तिने स्टिअरिंग बोटांनी धरलंच नव्हतं. बोटं वळतच नव्हती. दोन्ही मनगटं चाकाच्या आऱ्यांत अडकवून ती ओढत होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. बांधावरून ते कुणाला दिसत नव्हतं.

नांगर उचलून ती शेडपाशी आली. पेट्रोलवर आणलं, वाट बघितली, बंद केलं. एकदम शांत झालं.

भाऊ म्हणाला, "अक्का, मी पुन्हा विषय काढणार नाही."

ती खाली उतरली. हात बाह्यांत घेतले. म्हणाली, "कागद कधी करायचे?"

"कसले कागद?"

"विकायचे. विक म्हणते मी." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण त्याच्याकडेच बघून ती म्हणाली, "मला होत नाही म्हणून नव्हे तम्मा. साकु. पुरे झालं म्हणून."

भाऊ म्हणाला, "आणखी एक पीक घे. रागी घे. मुलांना मी थांबवतो."

"बेड," ती म्हणाली. नको. "तू आलास, झालं."

मी मात्र संतापले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यातच तिला गाठलं. "विकायचीच होती तर माझ्याकडून एवढं कशाला करून घेतलंस? मला वाटलं आपण जमीन वाचवतोय."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मलाही बसायला लावलं.

"विहिरीत पाणी कुठं राहिलंय बघितलंस?" ती म्हणाली. "सगळ्या कारखान्यांनी बोअर मारल्या. माझी बोटं तू बघतीस. मी गेल्यावर तिथं कोण जाणार, तू? तू लग्न करून कुठंतरी जाशील. मला कळत नाही होय? त्यानं घरी येऊन, अक्का दे, म्हटलं असतं तर त्याच दिवशी दिली असती. तो चार लोकांत म्हणाला, तिला होत नाही." ती थांबली. "मला ती द्यायची होती पुट्टी. माझ्याकडून काढून घेतलेली नको होती."

"आणि ते मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू एवढा जोर लावला असतास?"

माझा राग लगेच गेला असं नाही. पण त्या रात्री मी तिच्या बोटांना तेल चोळून दिलं, आणि तिने ते करू दिलं. असं ती कुणाला करू देत नसे.

ट्रॅक्टर बघायला बरेच जण आले. भंगारवाल्यांना तिने फाटकाच्या आत घेतलं नाही. एक तरतरीत माणूस आला, त्याला सगळं पटकन समजलं, पण इंजिन सुरू होताच त्याने गिअरला हात घातला. अक्काने हँडल पिशवीत टाकलं आणि त्याला निरोप दिला. शेवटी आनेकलकडचा एक शेतकरी आला. त्याला फार काही येत नव्हतं. पण इंजिन सुरू झाल्यावर तो तिथेच मातीत उकिडवा बसला आणि ऐकत राहिला. त्याला तिने दिला. आणखी काही रविवार जाऊन शिकवलंही, मी हँडल मारून दाखवायचे आणि ती बाजूला उभी राहून कानडीत सांगायची. शेवटच्या दिवशी तो ट्रॅक्टर घेऊन निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेली, त्या कॅनव्हासच्या बुटांत, चाकाच्या बाजूबाजूने. लॉऱ्यांच्या गर्दीत तो दिसेनासा झाल्यावर आवाज येतोय का म्हणून आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग आम्ही रस्ता ओलांडला आणि बसची वाट बघितली.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. बाहेर कारखान्यांच्या भिंती मागे पडत होत्या, नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते, धूळ आत येत होती. तिने काच लावली नाही. सिल्क बोर्डच्या चौकात बस अडकली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या रविवारी तम्मानं जेवायला बोलावलंय."

"मग जा की."

"त्याचं घर मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "म्हणजे गल्ली ठाऊक आहे. आत कधी गेले नाही." बस हलली. मी ओळखायला लागल्यापासून तिने कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. हँडल शिकवतानाही ती 'शीक' म्हणाली होती, 'शिकशील का' नव्हे. आता खिडकीकडेच तोंड ठेवून तिने विचारलं, "तू येतीस का बरोबर? आत जाईपर्यंत तरी?"